हिवरे बाजारचा एक मिलिमीटर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो: ‘महाराष्ट्रातलं करोडपतींचं गाव’. खाली हिरवा डोंगर आणि जोडलेले हात. गाव म्हणजे नगर तालुक्यातलं हिवरे बाजार, आणि करोडपती साठ. इंग्रजीत ही बातमी छापून आली तेव्हा तिथे ‘मिलियनेर’ असा शब्द होता. मिलियन म्हणजे दहा लाख. करोड त्याच्या दसपट. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जाताना कुठेतरी एक शून्य चिकटलं, ते आता निघता निघत नाही.

त्या शून्याची मला चीड येते, कारण गावाचे खरे आकडे मुळातच थक्क करणारे आहेत. १९९५ साली इथल्या १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत तीन उरली. दिवसाला दीडशे लिटर निघणारं दूध चार हजार लिटरपर्यंत गेलं. १९८९-९० मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले त्याआधी सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षाच समजली जायची. हिवरे बाजारचं रूप पालटायला लागलं तेव्हा सामान्य माणसाच्या हातात मोबाइलही नव्हता आणि इंटरनेटही नव्हतं. नाव पसरलं ते तोंडोतोंडी, एसटीतून, गाव पाहून परतलेल्या माणसांकडून.

आज नाव पसरायला किती वेळ लागतो? व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये सांगितलेला आकडा आहे दिवसाला १०,००० कोटी मेसेज. दहा हजार कोटी म्हटलं की डोक्यात काहीच उभं राहत नाही, म्हणून गावाच्या मापाने मोजून पाहू. हिवरे बाजारची लोकसंख्या साडेबाराशे धरू. तान्ह्या बाळापासून म्हातारीपर्यंत प्रत्येकाने झोप न घेता, दर मिनिटाला एक मेसेज पाठवायचा ठरवला, तर जगाचा एका दिवसाचा कोटा पुरा करायला गावाला दीडशे वर्षं लागतील. यूट्यूबचंही तसंच. काही वर्षांपूर्वीच तिथे मिनिटाला पाचशे तासांचे व्हिडिओ चढत होते. एका दिवसात चढलेलं सगळं बघायचं, तर जन्मल्या क्षणापासून पापणी न मिटता बघत बसलेला माणूस ब्याऐंशी वर्षांचा होईल.

आता उलटा हिशेब. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ माणसं मावायची. एक मेसेज पाच भरलेल्या ग्रुपवर टाकला की १,२८० माणसं झाली. म्हणजे अख्खं हिवरे बाजार, बोटाच्या एका दाबात! त्या प्रत्येकाने तेच केलं आणि कुणाचं नाव दोनदा आलं नाही असं धरलं, तर दुसऱ्या टप्प्यावर सोळा लाख होतात. तिसऱ्या टप्प्यावर दोनशे कोटी, देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त.

एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येण्याची ही ‘पाच’ची मर्यादा भारतात आली जुलै २०१८ मध्ये. त्याच महिन्याच्या एक तारखेला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूरकडून पोटासाठी आलेले. मोबाइलवर फिरलेल्या त्या अफवेत खरं काय आहे, हे तपासायला कुणी क्षणभरही थांबलं नाही. ही पाच माणसं कोटींच्या हिशेबात कुठे दिसतही नाहीत. मला मात्र ती विसरता येत नाहीत.

हिवरे बाजारमध्येही दरवर्षी एक आकडा सगळ्या गावभर जातो: पाऊस किती मिलिमीटर झाला. पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि रेघ वाचायची. दिसायला ते चमचाभर पाणी. पण गावाचं क्षेत्र साधारण ९७७ हेक्टर. एवढ्या जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ९७ लाख ७० हजार लिटर पाणी होतं. मोजपात्राच्या त्या बारीक रेघेत जवळजवळ एक कोटी लिटर!

नगरच्या या अवर्षणाच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटर धरला तर हिशेब येतो ३९० कोटी लिटर. आणि मेसेज, दिवसाला दहा हजार कोटी. या गावावर वर्षभरात जितके लिटर पाणी पडतं, त्याच्या पंचवीसपट मेसेज जगात एका दिवसात जातात. पाण्यातलं बरंचसं वाहून, उडून जातं. उरलेलं अडवायला गावाने डोंगरावर हजारो समतल चर खणले, बांध घातले.

पावसाचा आकडा मग पाण्याच्या ताळेबंदात मांडला जातो. पिण्याला किती, गुरांना किती, शेतीला किती, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि त्यावरून कुणी काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं कमी. ऊस आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायलाही बंदी. त्या आकड्यात कुणी एक शून्य वाढवू म्हटलं तर वाढवता येणार नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण सकाळीच आपल्या विहिरीत डोकावून आलेले असतात.

यंदा तो करोडपतींचा मेसेज आला तेव्हा मी त्याखाली लिहिलं, ‘मिलियन म्हणजे दहा लाख’, आणि पाठोपाठ एका मिलिमीटरचा हिशेब टाकला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. रात्री मावसभावाचा मेसेज आला: ‘दादा, आपल्या गावचं क्षेत्र किती हेक्टर आहे रे?’