यंत्राला बोलते करणारी विद्या

सन २००४ चा एप्रिल महिना होता. लोकसभेची निवडणूक चालू होती आणि एका खेड्यातील शाळेत मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम पाहत होतो. त्या वर्षी देशातील सर्व मतदारसंघांत प्रथमच मतदान यंत्रे आली होती. भर दुपारी एक म्हातारी काठी टेकीत आत आली. तिला अक्षरओळख नव्हती. यंत्र तर तिने जन्मात पाहिले नव्हते. बोटाला शाई लावून घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मत गुप्त राहावे म्हणून आम्ही कोणी तिच्या मागोमाग जाणार नव्हतो. आम्ही सारे कानोसा घेत राहिलो. क्षणभर शांतता पसरली. आणि मग एक लांब ‘बीप’ असा आवाज झाला. म्हातारी बाहेर आली, हसली आणि म्हणाली, “पडलं बरं का मत, गुरुजी!”

विद्यार्थी मित्रांनो, मत पडले हे त्या म्हातारीला कोणी सांगितले? आमच्यापैकी कोणी नव्हे, यंत्रानेच सांगितले! त्या यंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे त्याचे चिन्ह असते, आणि चिन्हाला लागूनच एक निळे बटण असते. यंत्र मत घेण्यास सज्ज झाले की वरच्या बाजूस हिरवा दिवा लागतो. बटण दाबताच त्या चिन्हाशेजारी तांबडा दिवा उजळतो आणि आवाज होतो. हा आवाज खोलीतील सर्वांना ऐकू जातो. परंतु मत कोणास दिले हे मात्र कोणासही कळत नाही. नंतर मतदाराने कितीही वेळा बटण दाबले तरी दुसरे मत नोंदले जात नाही. वाचता न येणाऱ्या माणसालाही स्वतःचा हक्क एकट्याने, कोणाचे साहाय्य न घेता, बजावता यावा अशी ही योजना आहे.

अशी योजना आपोआप होत नाही. कोणीतरी बसून तिचा विचार केलेला असतो. या यंत्राच्या रूपाची आखणी करण्यात मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर या संस्थेचे अध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा आहे. यंत्राच्या पोटात तारा व विद्युत्‌मंडले कशी असावीत, हा अभियंत्याचा प्रश्न झाला. परंतु माणसाने यंत्राला काय सांगावे, यंत्राने माणसाला काय उत्तर द्यावे आणि दोघांचे बोलणे एकमेकांस कसे समजावे, हा निराळाच प्रश्न आहे. या प्रश्नाचा अभ्यास करणारी जी विद्या, तिला ‘इंटरॅक्शन डिझाइन’ म्हणतात. आपण तिला ‘संवादरचना’ म्हणू.

या विद्येला नाव कसे मिळाले, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. बिल मॉगरिज नावाचे एक इंग्रज आरेखनकार होते. अमेरिकेतील एका कंपनीसाठी त्यांनी वहीसारखा मिटता येणारा संगणक घडविला. त्याचे नाव ‘ग्रिड कंपास’. तो १९८२ साली बाजारात आला. त्याचा पडदा कळफलकावर कसा मिटावा, बिजागरी कशी असावी, पेटी हातात धरताना कशी वाटावी, यावर त्यांनी अतोनात परिश्रम घेतले होते. १९८१ मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला, तेव्हा ते मोठ्या अभिमानाने तो वापरावयास बसले. आणि काय आश्चर्य! थोड्याच मिनिटांत त्यांना त्या सुबक पेटीचा व बिजागरीचा विसर पडला. त्यांचे सारे लक्ष पडद्याच्या आत काय चालले आहे, पुढे काय करावे, झाले ते बरोबर की चूक, यांतच गुंतून गेले.

दुसरा एखादा असता तर स्वतःच्या श्रमांची अशी उपेक्षा झालेली पाहून खट्टू झाला असता. मॉगरिज यांनी मात्र त्यातून बोध घेतला. आपण ज्याला वस्तू समजत होतो ते केवळ कवच आहे. वापरणाऱ्याचा खरा संबंध आतील व्यवहाराशी येतो. तर मग त्या व्यवहाराचेही आरेखन का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. प्रथम त्यांनी या कामाला ‘सॉफ्टफेस’ असे नाव योजिले. परंतु ते टिकले नाही. पुढे बिल व्हरप्लँक या अभियंत्याशी विचारविनिमय करून ‘इंटरॅक्शन डिझाइन’ हे नाव त्यांनी पसंत केले. तेच आज जगभर रूढ आहे.

या व्हरप्लँक यांनी संवादरचनाकारासाठी तीन सोपे प्रश्न सांगितले आहेत. त्यांचा आशय असा : माणूस कृती कशी करील? त्या कृतीचा परिणाम त्याला कसा जाणवेल? आणि कोठे काय चालले आहे हे त्याला कळेल कसे? आपल्या मतदान यंत्राला हे प्रश्न लावून पाहा. निळे बटण हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे; तांबडा दिवा आणि आवाज हे दुसऱ्याचे; आणि नावाशेजारील परिचित चिन्ह व हिरवा दिवा हे तिसऱ्याचे.

ही उत्तरे चुकली तर काय होते? केवळ गैरसोय होते, असे समजू नका. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड या अणुविद्युत्‌केंद्रात मोठा अपघात झाला. तेथील एक झडप उघडी राहून अडकली आणि अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी बाहेर वाहू लागले. नियंत्रण कक्षात त्या झडपेचा एक दिवा होता. तो विझलेला पाहून कामगारांना वाटले, झडप बंद आहे. वस्तुतः झडपेला ‘बंद हो’ अशी आज्ञा गेली आहे, एवढेच तो दिवा सांगत होता. ती खरोखर बंद झाली की नाही, हे तो सांगतच नव्हता! त्यातच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले. त्या गोंधळात दोन तासांहून अधिक काळ पाणी वाहत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा बराच भाग वितळला.

पुढे कामगारांच्या हातून अशा चुका का झाल्या, हे शोधण्यासाठी तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांत डोनाल्ड नॉर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. दोष केवळ कामगारांवर ढकलता येणार नाही, त्या कक्षाची रचनाच चुका करावयास लावणारी आहे, असे या तज्ज्ञांना आढळून आले. नॉर्मन यांनी पुढे १९८८ साली नित्याच्या वस्तूंच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. तो या विषयाचे विद्यार्थी आजही वाचतात.

संवादरचनाकार काम कसे करतो? तो प्रथम माणसांकडे पाहतो. ज्यांच्यासाठी वस्तू करावयाची, त्यांच्यात जाऊन बसतो. त्यांच्या सवयी, अडचणी आणि भाषा समजून घेतो. नंतर कागदावर अनेक आराखडे काढतो. त्यांतील एकाची पुठ्ठ्याची वा कागदाची प्रतिकृती करून ती लोकांच्या हाती देतो आणि स्वतः गप्प राहून पाहतो. लोक जेथे अडखळतात तेथे तो खूण करतो, आराखडा बदलतो आणि पुन्हा पाहतो. हे काम कधी संपत नाही. मतदान यंत्राचेच पाहा. आपले मत योग्य उमेदवारास गेले हे डोळ्यांनी पाहता यावे, असे मतदारांना वाटू लागले. म्हणून पुढे यंत्राला एक जोड देण्यात आली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्व केंद्रांवर होती. तिच्या काचेआड उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते.

ज्याला हा व्यवसाय करावयाचा असेल, त्याला चित्रकला हवी, थोडे तंत्रज्ञान हवे, मानसशास्त्र हवे आणि भाषाही हवी. कारण यंत्रावरील एक चुकीचा शब्द माणसाला वाट चुकवितो. आपल्या देशात या शिक्षणाची उत्तम सोय आहे. पवईची वर सांगितलेली संस्था १९६९ साली स्थापन झाली. अहमदाबाद येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची एक शाखा बंगळूर येथे आहे. या दोन्ही ठिकाणी संवादरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकविला जातो. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ नावाची प्रवेश परीक्षा असते. ती कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते.

परंतु आरंभ करण्यास बारावीची वाट कशाला पाहावयाची? तुमच्या वर्गातील विजेच्या बटणांची पाटी पाहा. एका रांगेत सहा बटणे असतात. मागच्या बाकावरचा पंखा लावावयाचा तर आपण एकामागून एक सारी दाबून पाहतो आणि पुढचे दिवे उगाच विझवितो. मग कोणीतरी म्हणतो, “एवढेही कळत नाही का?” यापुढे तसे म्हणू नका. कागदावर वर्गाचा नकाशा काढा. दिवे व पंखे जेथे असतील तेथे खुणा करा. आणि बटणे त्याच क्रमाने मांडता आली तर कसे होईल, याचा विचार करा. तुमचा आराखडा एखाद्या लहान मुलाला दाखवा आणि गप्प राहून पाहा.

माणूस वस्तूपुढे अडखळला की त्याला आपण अडाणी म्हणतो. संवादरचनेची विद्या आधी वस्तूला प्रश्न विचारावयास शिकविते. मतदान केंद्रातील ती म्हातारी अडाणी नव्हती. तिच्याशी तिला समजेल अशा रीतीने बोलणारी वस्तू त्या दिवशी तिला भेटली, इतकेच. अशा वस्तू अजून पुष्कळ घडावयाच्या आहेत.