पुरणपोळीचा हिशेब

आम्ही पिनरला राहायला आलो त्याला आता तेरा वर्षं होतील. लंडनच्या वायव्येला, मेट्रोपॉलिटन लाइनवरचं हे गाव. गावच म्हणायचं, कारण हाय स्ट्रीटवरची जुनी घरं आणि चढाच्या टोकाला असलेलं चर्च बघितलं की आपण लंडनमध्ये आहोत हे खरंच वाटत नाही. इथे दर वर्षी मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी जत्रा भरते. राजा तिसरा एडवर्ड याने १३३६ साली या जत्रेची सनद दिली. म्हणजे रस्त्यावर दुकान मांडायला आधी परवानगी लागते, हे पिनरकरांना जवळजवळ सातशे वर्षांपासून ठाऊक आहे!

मी इथे घरच्या स्वयंपाकघरातून पुरणपोळ्या, भाजणी आणि दिवाळीचा फराळ करून विकते. सात वर्षं झाली. गणपती-दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. ऑर्डरचे असतातच, पण दुसऱ्या प्रकारचेही असतात: "ताई, मलाही असं काहीतरी सुरू करायचंय. काय काय लागतं हो?" विचारणारी बहुधा नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, शिकलेली, हाताला चव असलेली. तिला भीती असते ती कायद्याची. माझा अनुभव वेगळा आहे. कायद्याचं काम सोपं आहे. आपल्या माणसाला भाव सांगणं अवघड. म्हणून आधी सोपं सांगते, मग अवघड.

सगळ्यात पहिलं म्हणजे व्हिसा. स्टुडंट व्हिसावर असाल तर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मात्र करता येतो. आपापल्या व्हिसाच्या अटी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यावर विसंबू नका. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा, कर्जाचं असेल तर बँकेला.

दुसरं म्हणजे कौन्सिल. खाद्यपदार्थ विकायचे तर व्यवसाय सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी आपल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. आमची हॅरो कौन्सिल. या नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि ती कोणाला नाकारलीही जात नाही. पुढे तपासनीस घरी येतात. हात कुठे धुता, फ्रीजचं तापमान किती, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवता का, लेखी नोंदी आहेत का, हे सगळं बघतात आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा देतात. घाबरायचं कारण नाही. सोवळ्यातला स्वयंपाक बघितलेल्या आपल्या पिढीला स्वच्छता नवी नाही, ती लिहून ठेवणं तेवढं नवं आहे.

तिसरं, आणि इथे मी फोनवर आवाज थोडा कडक करते, म्हणजे ॲलर्जी. इथल्या कायद्यात चौदा पदार्थांची यादी आहे, ज्यांची माहिती गिऱ्हाईकाला द्यावीच लागते. त्यातले किती आपल्या डब्यांत आहेत बघा: गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, मोहरी. मोहरी म्हणजे आपली रोजची फोडणी! हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षरही वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. "माझ्या चिवड्यात गहू नाही हो," असं म्हणणारीच्या फोडणीत तो असू शकतो. २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूस ही पंधरा वर्षांची मुलगी विकतच्या सँडविचमधल्या तिळामुळे गेली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. जागेवरच करून, आधीच पाकिटात भरून विकलेल्या पदार्थावर सगळे घटक लिहायचे आणि त्या चौदांतले ठळक दाखवायचे. फोनवर ऑर्डर घेत असाल तरी ही माहिती पैसे घेण्याआधी सांगायची आणि डबा देताना पुन्हा द्यायची. चकलीच्या पाकिटावर 'तीळ' हा शब्द लिहायला पाच सेकंद लागतात.

चौथं म्हणजे कर. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ५ एप्रिलला संपतं. वर्षभराची विक्री १,००० पौंडांच्या वर गेली, तर वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर खात्याकडे नाव नोंदवायचं आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरणपत्र भरायचं. लक्षात घ्या, १,००० पौंडांची विक्री, नफा नव्हे. व्हॅटची काळजी पहिल्या दिवशी नको, त्याची मर्यादा बारा महिन्यांत ९०,००० पौंडांच्या उलाढालीची आहे. पण बँकेचं वेगळं खातं आणि एक वही पहिल्या दिवसापासून हवी. घरातली डाळ आणि धंद्यातली डाळ एकाच बिलात आली की हिशेब कधीच लागत नाही. विम्याचंही तेवढंच. आपलं खाऊन कोणाला त्रास झाला तर भरपाईची सोय असलेला विमा काढल्याशिवाय पहिला डबा घराबाहेर पाठवू नका.

इथपर्यंत फोनवर सगळ्याजणी भराभर लिहून घेतात. मग मी विचारते, "पोळी केवढ्याला देणार?" आणि पलीकडे शांतता पसरते. थोड्या वेळाने उत्तर येतं, "एक पौंड? आपलीच माणसं आहेत ना, जास्त कसं सांगणार?"

आता हिशेब मांडू. समजा, साठ पोळ्या करायच्या. डाळ, गूळ, कणीक, तूप, वेलची मिळून १८ पौंड. गॅस-वीज ३. डबे आणि लेबलं ६. झाले २७ पौंड, म्हणजे पोळीला ४५ पेन्स. पौंडाला विकली की ५५ पेन्स सुटले, असं वाटतं. पण सामान आणणं, पुरण शिजवणं-वाटणं, लाटणं-भाजणं, भरणं, पोचवणं असे सहा तास धरा. साठ पौंड आले, सत्तावीस गेले, उरले तेहतीस. म्हणजे तासाला साडेपाच पौंड. एप्रिल २०२५ पासून इथे एकवीस आणि त्यापुढच्या वयाच्या माणसाचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरलं. दुसऱ्या कोणी तुम्हाला साडेपाच पौंडांवर राबवलं असतं तर तो गुन्हा ठरला असता. स्वतःला राबवलं तर कोणी विचारत नाही. तेच किमान वेतन स्वतःला दिलं तर पोळी पडते एक पौंड ६७ पेन्सना, आणि त्यात नफा अजून धरलेलाच नाही.

माझी आत्या लालबागला घरात खानावळ चालवायची. पहाटे चारला उठून गिरणी कामगारांसाठी रांधायची आणि जनगणनेवाला आला की सांगायची, "मी काही करत नाही, घरीच असते." मुंबईत अशा हजारो बायका होत्या. किराण्यासाठी सावकाराकडून भारी व्याजाने पैसे उचलायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. घरात रांधणं हाही धंदा आहे, हे तेव्हा कुठे बँकेच्या कागदावर आलं. हे सगळं होऊन पन्नास वर्षं झाली, आपण समुद्र ओलांडून आलो आणि तरी तोंडात वाक्य तेच: "घरीच तर करते, त्यात काय!"

इथलंच उदाहरण द्यायचं तर श्रीकृष्ण वडापाव आहे. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी हे कॉलेजातले मित्र. मंदीत सुजय यांची हॉटेलातली नोकरी गेली आणि २०१० साली दोघांनी हाउन्स्लोत एका आइस्क्रीमच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव सुरू केला. गिऱ्हाईक येईना, तेव्हा रस्त्यावर उभं राहून लोकांना फुकट चव दाखवली. आज त्यांच्या शाखा आहेत, आमच्या हॅरोतही. मला यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. फुकट वाटला तो नमुना, तोही ओळख होण्यापुरता. दुकानातल्या वडापावाला भाव होता आणि तो सगळ्यांना एकच होता.

माझ्याकडेही भाव छापलेला आहे आणि तो सगळ्यांना एकच आहे. त्याची किंमत मी मोजली आहे. तीन वर्षांपूर्वी एका जवळच्या मैत्रिणीने फराळाचे चाळीस डबे सांगितले आणि म्हणाली, "अगं, आपल्याआपल्यात काय भाव करायचा, निम्मे घे." मी तिला म्हटलं, "तुझ्या घरच्या फराळाचं ताट मी भेट म्हणून आणीन, पण ऑफिसात वाटायच्या चाळीस डब्यांचे हेच पैसे." ती ऑर्डर आली नाही. त्यानंतर एकही आली नाही. डॉलिस हिलला मंडळात गणपतीत भेटते, हसते, मुलांची चौकशी करते. पण पूर्वीसारखं राहिलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि तरी भाव मी तोच सांगेन. कारण त्याच दिवाळीत हाताखाली घेतलेल्या मुलीला मला ठरलेला पगार द्यायचा होता, आणि तो माझ्या मैत्रीतून नव्हे, डब्याच्या पैशांतूनच निघणार होता.

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात जरूर करा. पण कढई चढवण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: सामानाला किती, माझ्या तासांना किती, आणि या भावाला 'नाही' म्हणणारी पहिली व्यक्ती कोण असेल. तिसऱ्या ओळीत बहुधा ओळखीचंच नाव येतं. तिला काय सांगायचं ते आधी ठरवा. दिवाळीच्या ऑर्डरी सप्टेंबरातच येऊ लागतात, त्यामुळे नोंदणीचे २८ दिवस आजपासूनच मोजायला घ्या.