सूचीतल्या ठिपक्याची वीस वर्षं

शाळेत भूगोलाच्या नकाशाला सूची नसली, की गुरुजी वही परत करायचे. पुढे आलेख काढणं हेच काम झालं, तेव्हा त्यांचा आग्रह पटला.

मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदी पाहता याव्यात म्हणून जॉन हंटर या चेताशास्त्रज्ञाने पायथॉन या संगणकभाषेत मॅटप्लॉटलिब हे आलेख काढण्याचं साधन लिहायला घेतलं आणि २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. मीही तेच वापरू लागलो. त्यात सूची कोडच्या एका ओळीत उमटायची, पण एक खोड होती. रेषेवरचं चिन्ह सूचीत दोनदा दिसायचं आणि सुट्या ठिपक्यांसाठी चक्क तीन ठिपके यायचे, तेही वरखाली. ‘म्हणजे तीनच नोंदी का?’ असं मला एका परीक्षकांनी खरोखर विचारलं होतं. ‘नमपॉइंट्स’ आणि ‘स्कॅटरपॉइंट्स’ या ठिपक्यांची संख्या ठरवणाऱ्या सेटिंगना एकचा आकडा देणं हा मग हाताचा नेमच झाला. हंटर २०१२ मध्ये गेले. त्यांच्यामागे काम चालवणाऱ्यांनी जानेवारी २०१७ च्या २.० आवृत्तीत मुळातच एक ठिपका ठेवला.

तरी खरी अडचण वेगळीच होती. हजारो नोंदी एकमेकींवर पडतात, म्हणून ठिपके बारीक आणि पारदर्शक ठेवावे लागतात. सूचीतही मग तसाच पुसट कण येतो. रंग कुठला ते कळत नाही. ‘मार्करस्केल’ या सेटिंगने तो मोठा होतो, पण पुसटपणा जात नाही. त्यासाठी तयार सूचीतलं चिन्ह हाती घेऊन त्याचा ‘अल्फा’, म्हणजे अपारदर्शकता, एक करावा लागतो. मला त्याहून आवडतो तो दुसरा मार्ग: आलेखावर न काढलेली, फक्त सूचीसाठी घडवलेली ‘लाइन-टू-डी’ ही रेषा. तिचा आकार, रंग, कड सगळं आपण ठरवायचं. आलेखातला ठिपका आकडेवारीचा असतो, सूचीतला वाचकासाठी असतो. दोन्ही हुबेहूब सारखे असावेत हा हट्ट मी आता सोडला आहे.

सूचीच्या एका ओळीत दोन चिन्हं शेजारी मांडायची, तर ‘हँडलर मॅप’ ही सोय आहे. ठिपक्याच्या आकारातून प्रमाण दाखवायचं, तर पूर्वी सूचीसाठी नोंदी नसलेले रिकामे ठिपके हाताने रचावे लागत. मे २०१९ च्या ३.१ आवृत्तीतल्या ‘लेजंड एलिमेंट्स’ने ते कष्ट वाचवले.

आलेख छापायला देण्याआधी एकदा त्याची काळी-पांढरी प्रत काढा आणि आधी सूची वाचा. दोन चिन्हं सारखीच दिसली, तर रंग बदलून भागणार नाही, आकार बदला.