नोंदीची घटिका

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापाताने निर्माण झालेले प्रसिद्ध सरोवर आहे. त्या गावी सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात सरासरीने दुपारचे १२ वाजून २४ मिनिटे झालेली असतात. असे का व्हावे? भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे आणि लोणार त्याच्या सुमारे ६ अंश पश्चिमेस वसलेले आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास ४ मिनिटे लागतात. म्हणून ६ अंशांस २४ मिनिटे. पूर्वी घटिकापात्राने काळ मोजीत, तेव्हा एवढ्याच अवधीस एक घटिका म्हणत.

प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे वेळ पाळली, तर दोन गावांतील नोंदींचा मेळ कसा बसणार? हा घोटाळा टाळण्यासाठी १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ प्रचारात होती.

वेळेच्या नोंदीवर पुष्कळ काही अवलंबून असते. मूल जन्मास आले, की त्याची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकास द्यावयाची असते. त्यानंतर विलंबशुल्क पडते. ३० दिवस उलटल्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि एक वर्ष लोटले, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. तेव्हा एका दिवसाची चूकही लहान नव्हे.

आता अशा नोंदी संगणकावरील प्रपत्रात भरतात. त्यात दोन तारखा असतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिली जन्माची, ती माणसाने सांगावी लागते, कारण यंत्रास ती ठाऊक नसते. दुसरी नोंद दाखल झाल्याची. ती माणसाने लिहू नये हेच इष्ट. भरणाऱ्याच्या संगणकाचे घड्याळ मागेपुढे असू शकते किंवा मुद्दाम फिरविता येते. म्हणून प्रपत्र मध्यवर्ती संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे पोहोचताच त्यानेच आपल्या घड्याळाप्रमाणे तारीख व वेळ डेटाबेसमध्ये लिहावी, अशी रचना करतात. डेटाबेस म्हणजे माहितीचे व्यवस्थित लावलेले कोठारच होय. तेथे प्रत्येक नोंदीस सारखाच न्याय मिळतो.

तारीख लिहिण्याचीही एक रीत आहे. ०५-०६-२०२४ हा दिवस भारतात ५ जून, तर अमेरिकेत ६ मे समजला जाईल. २०२४-०६-०५ असे आधी वर्ष, मग महिना व शेवटी दिवस लिहिले, म्हणजे संशय उरत नाही आणि नोंदी आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

अनेक देशांतील नोंदी एकत्र ठेवताना संगणक बहुधा जागतिक वेळ लिहितो. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा, लोणारहून १५ ऑगस्ट रोजी पहाटे २ वाजता एखादे प्रपत्र पाठविले. डेटाबेसमध्ये त्याची वेळ १४ ऑगस्टच्या रात्रीचे साडेआठ अशी उमटेल. ही चूक नव्हे. मात्र नोंद वाचून दाखविताना साडेपाच तास मिळविण्यास विसरले, तर तारीखच एक दिवस मागे जाईल. म्हणून वेळेबरोबर ती कोणत्या प्रमाणवेळेची आहे, हेही लिहून ठेवणे अगत्याचे असते.

घटिकापात्र जाऊन संगणक आला, तरी नियम एकच राहिला आहे: केव्हा घडले आणि केव्हा नोंदले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या व सर्वांची वेळ एकाच मापाने मोजावी.