‘बालगंधर्व’ पाहताना : जे घडले, जे सांगितले जाते आणि जे ऐकू येते

एखाद्या राजकीय नेत्याचा जीवनपट पाहताना त्याचे कर्तृत्व प्रसंगांतून उलगडत जाते. सभा, तुरुंगवास, निवडणूक, विजय-पराजय असे टप्पे पडद्यावर दाखवता येतात. खेळाडूच्या जीवनपटात अखेरचा सामना असतो. गायकाचे मात्र तसे नाही. त्याच्या आयुष्यातील घटना कितीही नाट्यमय असल्या, तरी तो मोठा का होता, या प्रश्नाचे उत्तर घटनांत नसून आवाजात असते, आणि नेमका तो आवाजच दिग्दर्शकाच्या हाती पूर्णपणे नसतो. म्हणूनच संगीतकारांवरील चित्रपट एकट्याने पाहण्यापेक्षा चार मित्रांसह पाहणे अधिक फलदायी ठरते. प्रत्येकाच्या कानात त्या कलावंताची वेगळी प्रतिमा असते, आणि चित्रपट संपल्यावर त्या प्रतिमा एकमेकींशी वाद घालू लागतात.

6 मे 2011 रोजी प्रदर्शित झालेला ‘बालगंधर्व’ हा याचा उत्तम नमुना होय. दिग्दर्शक रवी जाधव, निर्माते नितीन चंद्रकांत देसाई, पटकथा अभिराम भडकमकर यांची, संगीत कौशल इनामदार यांचे आणि शीर्षक भूमिकेत सुबोध भावे. प्रदर्शनाला आता बरीच वर्षे लोटली असली तरी मराठी घरांत हा चित्रपट आजही आवडीने लावला जातो. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा जन्म 1888 चा आणि निधन 1967 चे. त्यांना रंगभूमीवर ऐन बहरात पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. तरुण प्रेक्षकांपैकी अनेकांना भेटणारे पहिले, आणि कित्येकदा शेवटचे, बालगंधर्व हे चित्रपटातीलच असतात. त्यामुळे हा चित्रपट कसा पाहावा, हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही, तर एका कलावंताची स्मृती कोणत्या रूपात पुढे जाणार, याच्याशी तो जोडलेला आहे.

अलीकडेच आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणींनी हा चित्रपट पुन्हा एकत्र बसून पाहिला. त्यात तबला वाजवणारा एक जण होता, वडिलांच्या ग्रामोफोनवर नाट्यपदे ऐकत वाढलेल्या एक ज्येष्ठ स्नेही होत्या, आणि नाट्यसंगीत म्हणजे काय हे केवळ ऐकून माहीत असलेला एक संगणक अभियंताही होता. पडद्यावर नामावली सुरू होताच या अभियंत्याने तीन प्रश्न विचारले. कोणत्याही जीवनपटाला विचारावेत असेच ते प्रश्न असल्याने त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

‘हे खरेच असे घडले का?’

पहिला प्रश्न अर्थातच ‘मानापमान’च्या प्रसंगाबद्दल होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईत प्रथम रंगमंचावर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले आणि तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही, ही हकिगत महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. चित्रपटाचा तो एक भावोत्कट क्षण आहे.

येथे प्रेक्षकाने एक भेद ध्यानात ठेवावा. घटना आणि तिची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोग झाला, नाटक गाजले, हा इतिहास आहे. त्या रात्री रंगपटात कोण काय बोलले, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे पटकथाकाराचे काम आहे, आणि ते त्याने करायचेच असते. लोकमान्य टिळकांनी लहानग्या नारायणाला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही गोष्टही परंपरेने चालत आली आहे. अशा आख्यायिका खोट्या असतात असे नव्हे. समाजाला आपल्या लाडक्या कलावंताबद्दल काय लक्षात ठेवावेसे वाटले, हे त्या सांगतात.

मात्र जीवनपट कधी कधी घटनाक्रमच बदलतात, तेव्हा प्रेक्षकाने सावध असावे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या 2018 च्या चित्रपटात, पाचगणीच्या शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या आजाराची बातमी 1985 च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमापूर्वीच सहकाऱ्यांना सांगताना दाखवला आहे. त्याच्या चरित्रांत मात्र आजाराचे निदान त्यानंतरच्या काळातील असल्याचे मानले जाते. शेवटच्या गाण्याला अधिक धार यावी म्हणून केलेला हा बदल होता. ‘अमेडियस’ या 1984 च्या चित्रपटामुळे तर मोझार्टच्या मृत्यूला सालिएरीचा मत्सर कारणीभूत होता, असा समज जगभर दृढ झाला. इतिहासाचा त्याला आधार नाही. चित्रपट म्हणून तो श्रेष्ठच राहतो, पण सालिएरीवर मात्र अन्याय झाला.

‘एवढे मोठे होते, मग एवढे कर्ज कसे?’

दुसरा प्रश्न व्यवहाराचा होता. 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. भास्करबुवा बखले यांचे संगीत लाभलेले ‘स्वयंवर’ 1916 मध्ये आले, तर राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ 1919 मध्ये. रुक्मिणी आणि सिंधू या भूमिकांनी महाराष्ट्र वेडावला. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग तर दंतकथाच बनला. असे असताना मंडळीवरील कर्ज लाखांच्या घरात गेले.

याचे कारण केवळ उधळेपणा म्हणून सांगणे सोपे, पण अपुरे आहे. उंची शालू, खरे दागिने, अत्तरे, गालिचे, अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार, आणि एवढ्या माणसांचा फिरता संसार, हे सारे बालगंधर्वांच्या दृष्टीने कलेचाच भाग होते. प्रेक्षकाला उत्तम तेच द्यायचे, हिशेब नंतर, ही त्यांची वृत्ती. आमच्यातील तबलजी यावर म्हणाला, “अरे, थिरकवा साथीला असतील तर हिशेब कोण मागणार?” त्यावर ज्येष्ठ स्नेही शांतपणे उत्तरल्या, “घर चालवणारी बाई मागेल ना!” चित्रपटात विभावरी देशपांडे यांनी साकारलेल्या पत्नीच्या व्यक्तिरेखेकडे त्या एका वाक्याने आम्ही नव्याने पाहू लागलो. एकत्र पाहण्याचा लाभ तो हाच.

त्यात काळही बदलला. 1931 मध्ये ‘आलम आरा’ने हिंदी चित्रपट बोलू लागला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपट. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि आधुनिक नाटकाचे वारे वाहू लागले. पुरुषाने स्त्री साकारण्याच्या परंपरेचे शिखर असलेल्या कलावंताच्या पायाखालची जमीनच सरकत होती. 1935 मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली, पण ते त्या माध्यमात रमले नाहीत. समोर श्रोता नाही आणि ‘वन्समोअर’ही नाही, अशा जागी रंगमंचाच्या या राजाने काय करावे? ज्या माध्यमात त्यांचा जीव लागला नाही, त्याच माध्यमातून ते आज नव्या पिढीला भेटतात, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

‘हा आवाज त्यांचाच का?’

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संगीतकाराच्या जीवनपटात आवाजाचा पेच सोडवण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला, मूळ ध्वनिमुद्रणेच वापरणे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने मुख्यतः तेच केले. दुसरा, अभिनेत्यानेच गाणे. ‘मी वसंतराव’ या 2022 च्या चित्रपटात वसंतराव देशपांडे यांचे नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायनही केले. तिसरा, आजच्या समर्थ गायकाकडून ती गायकी पुन्हा उभी करून घेणे. ‘बालगंधर्व’ने हा मार्ग निवडला. लहान वयातच नाट्यपदे गाऊन ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले गेलेले आणि पुढे भीमसेन जोशी यांचे शिष्यत्व लाभलेले आनंद भाटे यांनी यात पार्श्वगायन केले, आणि त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग मूळ तबकड्या का नाहीत? त्याचे उत्तर तंत्रात आहे. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारे पद त्यात आवरते घ्यावे लागे. 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर विद्युत ध्वनिमुद्रणही नव्हते. गायक कर्ण्यापुढे गात असे आणि आवाजाचे अतिशय वरचे व खालचे थर त्यात नीट उतरतच नसत. आजच्या चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणेवर अशी तबकडी लावली तर खरखर अधिक आणि स्वर कमी, असा प्रकार झाला असता.

म्हणजे चित्रपटातील स्वच्छ, भरदार आवाज बालगंधर्वांचा नाही, आणि तबकडीतला आक्रसलेला आवाजही त्यांचा संपूर्ण आवाज नव्हे. नाट्यगृहात ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो स्वर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. श्रोत्याने तो दोन्ही बाजूंनी शोधायचा असतो.

चित्रपटानंतर ज्येष्ठ स्नेह्यांनी ‘स्वयंवर’मधील एका पदाचे जुने ध्वनिमुद्रण लावले. पहिले मिनिटभर अभियंत्याला खरखरीपलीकडे काही ऐकू येईना. “काकू, यात आहे काय?” त्याने विचारले. त्या म्हणाल्या, “गाणे ऐकू नकोस. शब्द संपतो तिथे ते काय करतात, तेवढेच ऐक.” दुसऱ्या वेळी त्याला एक छोटीशी हरकत सापडली. अक्षर न तोडता, जणू सहज बोलावे तशी. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच ती जागा पुन्हा लावली.

जीवनपट एकत्र पाहण्याचा बेत आखणाऱ्यांनी म्हणूनच संध्याकाळ थोडी लांबवावी. चित्रपटाला दोन तासांहून अधिक वेळ द्यायचाच आहे, तर त्यानंतर अर्धा तास मूळ ध्वनिमुद्रणांसाठी राखून ठेवावा. चित्रपटात गायलेले एखादे पद निवडून तेच तबकडीवर ऐकावे, म्हणजे तुलना सोपी जाते. गटात एखादी जाणकार व्यक्ती असेल तर उत्तमच, पण नसली तरी पद दोनतीनदा ऐकण्याची तयारी पुरेशी आहे. पडद्यावरील शालू, दिवे आणि अश्रू पहिल्याच भेटीत मन जिंकतात. त्या तीन मिनिटांच्या खरखरीत दडलेल्या आवाजाला मात्र आपणहून भेटायला जावे लागते.