पन्ह्यातलं मीठ

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर शहापूर लागतं. मे महिन्यात दुपारी एक वाजता इथं उघड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या कपाळावर घाम दिसत नाही. पारा 44-45 अंशांवर असतो, तरी कातडी कोरडी. संध्याकाळी सदरा काढला की पाठीवर पांढरे नकाशे उमटलेले असतात. घाम आला होता, भरपूर आला होता, पण विदर्भाच्या कोरड्या हवेनं तो दिसण्याआधीच पिऊन टाकला. मुंबईत घाम ओघळतो म्हणून माणूस वैतागतो आणि पाणी पितो. आपल्याकडे तो दिसतच नाही, म्हणून पिणं राहून जातं. त्यात उन्हाळी धानाची कापणी नेमकी याच दिवसांत येते.

त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. 45 अंशांत उलटं होतं, हवाच शरीराला तापवते. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो: घाम गाळायचा आणि तो उडून जाऊ द्यायचा. एक लिटर घाम त्वचेवरून उडाला तर तो जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो.

आता घरच्या सरबताचा हिशेब मांडू. फ्रिजमधलं 10 अंशांचं 200 मिलिलिटर सरबत पोटात 37 अंशांपर्यंत तापताना शरीराकडून जेमतेम साडेपाच किलोकॅलरी घेतं. तेवढंच पाणी पुढे घाम होऊन उडालं, तर सुमारे 115 किलोकॅलरी नेतं. वीसपटींहून जास्त. थोडक्यात, बर्फ जिभेसाठी असतो, शरीराला हवं असतं ते पाणी. माठातल्या पाण्यात केलेलं पन्हं या कामात कुठंही कमी पडत नाही. बर्फ घालायचाच तर तो खाण्याचा आहे ना, एवढं बघावं. कारखान्यातला, न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात 2018 साली झाली, ती उगीच नाही.

पण घामाबरोबर नुसतं पाणी जात नाही. लिटरभर घामात साधारण एक ते चार ग्रॅम मीठ असतं. माणसागणिक हे प्रमाण बदलतं. फळांची अडचण इथंच आहे. टरबूज घ्या: नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, 100 ग्रॅममध्ये शंभरावर मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि सोडियम मात्र जेमतेम एक मिलिग्रॅम. संत्र्याचंही तेच. घाम जे नेतो ते फळात नसतं. म्हणून पन्ह्यातलं मीठ मला गुळाहून महत्त्वाचं वाटतं, आणि गोडच चांगलं म्हणून मीठ वगळणाऱ्यांचं पन्हं अर्धवट.

गूळही निरुपयोगी नाही. लहान आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनंच आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी येतं. या एका गोष्टीवर 1971 साली हजारो जीव वाचले. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली, आणि 30 टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. आज घरी करायच्या द्रावणाचं माप लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं सांगतात. जुलाब होत असतील तर हेच द्यावं, पन्हं त्याची जागा घेत नाही.

आपलं पन्हं या मापापासून बरंच दूर गेलेलं असतं. गराइतका, कधी दुप्पट गूळ. फार गोड पेय पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं, आणि आतड्यात उलट पाणी ओढून घेतं. म्हणून शेतावर न्यायचं पन्हं पातळ हवं: लिटरभर पाण्याला एका मध्यम कैरीचा गर, पन्नास-साठ ग्रॅम गूळ आणि सपाट अर्धा चमचा मीठ. घरात पंख्याखाली बसणाऱ्याला चिमूटभर मीठ पुरे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच मीठ-गूळ ठरवावा.

कैरी आरावर भाजा किंवा उकडा. शिजली की तिच्यातलं पेक्टिन सुटतं आणि पन्ह्याला अंग येतं. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेव्हा उकडलेलं पाणी फेकायचं नाही. भंडारा पितळी भांड्यांचं शहर, पण कल्हई नसलेल्या पितळी गंजात पन्हं ठेवू नका. कैरीतलं आम्ल तांबं विरघळवतं आणि पन्हं कळकतं. वेलदोडा मात्र जरूर घाला. त्यातलं सिनिओल नावाचं द्रव्य थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. तापमान तेच राहतं आणि तोंडाला गार वाटतं. निव्वळ फसवणूक, पण सुखाची.

नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांनी कडवट लागू लागतो. रस नासलेला नसतो. सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं, रसातल्या आम्लाशी गाठ पडल्यावर त्याचं लिमोनिन होतं. दहा लाख भागांत सहा भाग असलं तरी जिभेला ते कळतं. रस गरम केला तर हे आणखी लवकर घडतं. मिक्सरमध्ये बिया भरडू नयेत आणि रस काढला की लगेच प्यावा, इतकंच करण्यासारखं आहे. बेल आणि कवठ हीसुद्धा संत्र्याच्याच कुळातली. कवठ उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतं, बेल ऐन उन्हाळ्यात पिकतो. त्याचा गर पाण्यात हातानं कोळून गाळावा. मिक्सरमध्ये बिया फुटून चव जाते.

खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही, असं आपल्याकडे मानतात. खिशातला कांदा घामाच्या गणितात कुठंच बसत नाही. जेवणात खाल्लेला बरा. आणि ऊन लागलंच, म्हणजे माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली, तर त्याच्या तोंडात पन्हं ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

नवतपा सरताना आभाळ भरून येतं, पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि तरी जीव जास्त घाबरा होतो. हवेत दमटपणा आला की कूलर नुसता वारा फेकतो, माठ पूर्वीसारखा गार होत नाही, आणि घामही उडायचा थांबतो. तिन्हींचं काम एकाच तत्त्वावर चालतं. त्या दिवसांत पन्हं हवंच, कारण घाम गळतच असतो. पण ओघळून गेलेला घाम उष्णता नेत नाही. तेव्हा दुपारचं काम पहाटेवर ढकलण्याला पर्याय नाही.