वंशबीजाची ठेव

वाडवडिलांनीं मागें ठेवलेली ठेव म्हटली कीं शेतवाडी, दागिने आणि कुलवृत्तांत यांची आठवण होते. आतां त्यांत एका नव्या जिनसेची भर पडूं पाहत आहे. थोडी लाळ अथवा रक्त देऊन आपला डीएनए पुढील पिढ्यांसाठीं जतन करावा काय? हा निर्णय एकट्यादुकट्यानें घेण्याचा नव्हे, असें आमचें मत आहे.

डीएनए म्हणजे सुमारें 300 कोटी अक्षरांची पोथीच. शरीराच्या बहुतेक पेशींत तिच्या दोन प्रती असतात. एक पित्याकडून आलेली, दुसरी मातेकडून. सख्ख्या भावंडांत सरासरीनें निम्मा, तर चुलत, मामे, आते व मावस भावंडांत सुमारें एक-अष्टमांश भाग समान असतो. तेव्हां जो आपली पोथी परक्याच्या हातीं देतो, तो आप्तांचीही कांहीं पानें त्यांस न विचारतां देतो. कॅलिफोर्नियांत अनेक खून करून कित्येक वर्षें मोकळा राहिलेला एक गुन्हेगार 2018 सालीं पकडला गेला, तो याच मार्गानें. गुन्ह्याच्या जागीं मिळालेला डीएनए त्याच्या दूरच्या नातलगांनीं वंशावळीच्या हौसेनें संकेतस्थळावर ठेवलेल्या माहितीशीं जुळला. तेथें न्याय झाला, हें इष्टच. परंतु नातें असें बोलकें असतें, हें विसरूं नये.

दुसरा प्रश्न ठेवीच्या रक्षणाचा. अमेरिकेंतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी 2006 सालीं निघाली. 2023 मध्यें तिच्या सुमारें 69 लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हातीं पडली आणि मार्च 2025 मध्यें तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला. ठेव पिढ्यान्‌पिढ्यांची, पण पेढी पुरतीं वीस वर्षेंही स्थिर राहिली नाहीं!

मग जतन करूंच नये काय? तसेंही नाहीं. ज्या घराण्यांत स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग तरुण वयांत, पिढ्यामागून पिढ्या दिसतो, तेथें सदोष जनुक शक्य तों प्रथम रुग्णाच्याच रक्तांत शोधतात. तें एकदां सांपडलें म्हणजे इतर आप्तांची तपासणी निःसंदिग्ध होते. रुग्ण निवर्तला कीं हा दुवा तुटतो. अशा घरीं आनुवंशिक रोगांच्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानें नमुना वेळींच राखणें शहाणपणाचें होय. मात्र तो कोणीं, केव्हां व कशासाठीं वापरावा, आणि आपल्यामागें त्यावर अधिकार कोणाचा, हें रुग्णाच्या संमतीनें लिहून ठेवावें. ज्या तरुणांस आपलें भविष्य जाणून घ्यावयाचें नसेल, त्यांच्या इच्छेसही मान द्यावा.

इतर घरांस आमची सूचना साधी आहे. कुलवृत्तांतास एक पान जोडा. कोणास कोणता विकार, कितव्या वर्षीं झाला, मृत्यूचें कारण काय, हें त्यांत नमूद करा. कित्येक कुलवृत्तांतांत कन्येचें नांव येतें आणि तिची शाखा तेथेंच थांबते. रोगाचें बीज मात्र सासर-माहेर जाणत नाहीं. वर सांगितलेलें जनुक पित्याकडूनही कन्येकडे येतें, आणि तें अपत्यास मिळण्याचा संभव, मुलगा असो वा मुलगी, निम्मा असतो. म्हणून लेकींच्या शाखाही त्या पानावर उतरवाव्या. त्यासाठीं ना शुल्क पडतें, ना परक्याची पेढी लागते. घरांतील वडीलधाऱ्यांची स्मृति शाबूत आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.